फी वर्षाची, पगार महिन्याचा

कळव्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. मिस्टर रबाळ्याच्या एका कंपनीत, हातात ३८,००० येतात. ताई घरी ब्लाऊज शिवतात, फॉल-बिडिंग करतात, त्यातून महिन्याला ९,०००च्या आसपास सुटतात. घराचा हप्ता ११,५००. मोठा मुलगा पुण्याला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली जागा, खुला प्रवर्ग. धाकटी मुलगी नववीत. मुलाला दर महिन्याला ९,००० पाठवतात: खोलीचे ४,०००, मेसचे ३,२००, हातखर्चाला १,८००. तरी महिना संपायच्या आत कधी दीड, कधी अडीच हजारांसाठी फोन येतोच. मागच्या वर्षी फीसाठी ५०,०००ची एफडी मोडली. या वर्षीची फी १,२४,०००. त्यातले ७४,००० जुलैत भरले, उरलेले ५०,००० दिवाळीपर्यंत भरायचे आहेत. पाटल्या मोडू का? फोनवर दोन लाखांचं पर्सनल लोन देऊ करतात ते घेऊ का? आणि मुलगा पैसे उडवतोय का?

ताई, मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कामगारांच्या एका पतपेढीत २९ वर्षं काम केलं, त्यातली शेवटची ११ व्यवस्थापक म्हणून. जून उजाडला की आमच्या टेबलावर आकस्मिक कर्जाच्या अर्जांचा गठ्ठा चढायचा आणि कारणाच्या रकान्यात एकच ओळ असायची, ‘मुलांचे शिक्षण’. त्या अर्जांसोबत पगाराच्या चिठ्ठ्या असायच्या, घरखर्चाचे आकडे असायचे. माझ्या डोळ्यांसमोर आलेली बहुतेक घरं महिन्याच्या खर्चाने अडत नव्हती. वर्षातून एकदा किंवा दोनदा येणाऱ्या मोठ्या रकमेने अडत होती, आणि ती रक्कम येणार हे घरातल्या सगळ्यांना वर्षभर आधीपासून ठाऊक असायचं. पगार महिन्याचा, म्हणून आपण हिशोबही महिन्याचाच करतो. शिक्षणाचा खर्च मात्र वर्षाच्या मापाने येतो.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. मुलगा पैसे उडवतोय का, हे वर्षाच्या मापाने पाहू. खोलीभाडं तो सुट्टीत घरी आला तरी चालूच राहतं, म्हणजे १२ महिन्यांचे ४८,०००. मेस आणि हातखर्च १० महिन्यांचे धरले तर ३२,००० आणि १८,०००. हे झाले ९८,०००. आता तुमच्या ९,०००मध्ये जे कुठेच नाही ते बघा. दोन्ही सत्रांचे परीक्षेचे फॉर्म, पुस्तकं, झेरॉक्स, जर्नलं, प्रोजेक्टचं सामान मिळून १२,००० सहज जातात. सणासुदीला घरी येणं-जाणं वर्षाचे ४,०००. एखादा ताप, चष्मा, बूट, दोन शर्ट यांचे ६,०००. एकूण २२,०००. ते १० महिन्यांत वाटले की महिन्याला २,२०० येतात. ताई, तुमच्या फोनवर येणारा ‘कधी दीड, कधी अडीच हजार’ हा आकडा हाच आहे. तुमच्या माहितीवरून मला तरी मुलगा उधळ्या वाटत नाही. त्याला ठरवून दिलेली रक्कमच अपुरी होती, आणि प्रत्येक वेळी मागताना त्यालाही ओशाळं वाटत असणार.

एकच गोष्ट मात्र त्याला प्रेमाने, पण सरळ विचारा. झटपट कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपवरून त्याने पैसे उचललेत का? खोलीवरची मुलं एकमेकांचं बघून पाच-दहा हजार उचलतात. त्यातली फसवी ॲप्स फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो ताब्यात घेऊन पुढे धमकावतात. तसं काही असेल तर घाबरून आणखी पैसे भरू नका. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथे तक्रार करा. मुलाने हे सांगितलं तर त्या दिवशी त्याच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

आता घराचा हिशोब. तुम्हा दोघांचे ४७,०००. त्यातून हप्ता ११,५००. मुलाचा खरा खर्च वर्षाला १,२०,०००, म्हणजे महिन्याला १०,००० बाजूला काढायलाच हवेत. तुम्ही कळवलेला किराणा, भाजी, दूध मिळून ११,०००. लाइट, गॅस, फोन, सोसायटीचा मेंटेनन्स ४,५००. मुलीचा क्लास २,५००. मिस्टरांचा पास, औषधं, बारीकसारीक ३,०००. शिल्लक राहतात ४,५००. वर्षाचे ५४,०००, आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे बोनस २०,०००च्या आसपास. झाले ७४,०००. जुलैत तुम्ही तेवढेच भरलेत. याचा अर्थ तुम्ही काटकसरीत कुठेही कमी पडलेला नाहीत. इतक्या पगारात एवढी शिल्लक ठेवणारी घरं मी फार पाहिली नाहीत. कमी पडतात ते वर्षाला ५०,०००. मागच्या वर्षी ती जागा एफडीने भरली, या वर्षी पाटल्यांवर नजर गेली.

तो ५०,०००चा खड्डा का पडला याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात एका ओळीत आहे: ‘पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला होता पण काही आलं नाही.’ माझं सगळं उत्तर या ओळीभोवती आहे.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर खुल्या प्रवर्गातल्या मुलालाही शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते. तुमचं दोघांचं मिळून उत्पन्न बोनससकट सहा लाखांच्या आतच आहे. पावती काढून बघा. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत १,२४,०००पैकी १,०५,००० शिक्षण शुल्क आहे, बाकीचे १९,००० इतर शुल्क. इतर शुल्काला सवलत नाही, ते पूर्ण भरावं लागतं. पण १,०५,०००चे निम्मे ५२,५००. दिवाळीपर्यंत भरायचे आहेत, जवळजवळ तेवढेच.

अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, नसतं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. कागद अपुरा असेल तर अर्ज परत येतो आणि दुरुस्तीची वाट बघत पोर्टलवर पडून राहतो. मुलगा पुण्यात, फॉर्म ठाण्यातल्या सायबर कॅफेत भरलेला, मोबाइल नंबर कोणाचा दिलाय ते कोणालाच आठवत नाही. माझ्या ओळखीत अशी कितीतरी मुलं आहेत. मुदत संपली की तो अर्ज मेला. म्हणून या आठवड्यात मुलाला लॉगिन करून स्टेटस बघायला सांगा आणि स्क्रीनचा फोटो मागवून घ्या. नंतर त्याने कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात स्वतः जाऊन विचारावं. फोनवर तिथे कोणी नीट सांगत नाही.

अर्ज अडतो तो नेहमी त्याच दोन-तीन ठिकाणी. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. मागच्या वर्षीचा जोडला की अर्ज परत. दरवर्षी एप्रिलमध्येच ‘आपले सरकार’वर अर्ज करून नवा काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत रांगा लागतात आणि प्रवेशाची धांदल वेगळीच असते. दुसरं म्हणजे बँक खातं. खात्याला आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी ते खातं आधारशी जोडलेलं असणं वेगळं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच पडतात. मुलाने पुण्यात दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल आणि जोडणी तिकडे वळली असेल, तर तुम्ही कळव्याच्या शाखेत पासबुक भरून भरून थकाल. बँकेत विचारताना ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग या खात्याला आहे का’ असंच विचारा. तिसरी गोष्ट हजेरी आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका, ती मुलाच्या हातात आहे.

स्टेटस कळलं की मुलाबरोबर तुमच्यापैकी एकाने कॉलेजच्या लेखा विभागात जाऊन लेखी अर्ज द्या, की शिष्यवृत्तीचा अर्ज मंजुरीत आहे, दुसरा हप्ता त्यात वळता करावा किंवा थांबवावा. शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून ती रक्कम आगाऊ मागू नये अशा सूचना शासनाने कॉलेजांना दिलेल्या आहेत. सगळीकडे त्या पाळतात असं नाही, पण लेखी अर्ज आणि त्यावर पोच असली की बोलणं बदलतं. आई-बाप दारात उभे राहिले की आणखी बदलतं. एक दिवसाची मजुरी बुडेल, बुडू द्या.

तरीही कॉलेजने ऐकलं नाही तर? तेव्हाही ते दोन लाखांचं पर्सनल लोन नको. तुम्हाला कमी आहेत ५०,०००, ते देतायत दोन लाख. १४ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता सुमारे ६,८०० येतो आणि तो पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. तुमच्याकडे शिल्लक ४,५००. हा हप्ता कुठून जाणार? किराण्यातून, नाहीतर मुलीच्या क्लासमधून. दीड लाख ज्यादा हातात आले की ते घरात टिकत नाहीत, हे मी माझ्या सभासदांच्या खात्यांवर वर्षानुवर्षं पाहिलंय. मिस्टरांच्या कंपनीत पतपेढी असेल तर ५०,००० आकस्मिक कर्ज घ्या. ११ टक्क्यांनी दोन वर्षांचा हप्ता २,३३०च्या आसपास बसतो, पगारातून परस्पर कापला जातो आणि तुमच्या ४,५००मध्ये मावतो. शिष्यवृत्ती आली की त्याच दिवशी ते कर्ज बंद करा. सप्टेंबरअखेर पतपेढ्यांच्या वार्षिक सभा होतात, त्यानंतर लाभांश जमा होतो. तोही तिकडेच लावा.

पाटल्यांबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण कर्जाच्या टेबलापलीकडे बसलेल्या बायकांची मनगटं मी मोकळी होताना पाहिली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट ऐकतच आपण मोठ्या झालो आणि पोराच्या शिक्षणासाठी सोनं देणं हे आईचं कर्तव्यच आहे असं मनात बसलं. पण लक्ष्मीबाईंपुढे दुसरी वाट नव्हती, दारात उपाशी पोरं उभी होती. तुमच्यापुढे अजून एक फॉर्म दुरुस्त करायचा बाकी आहे. सोनं मोडायचं नाही. अगदीच वेळ आली तर तारण ठेवा, आणि तेही सोडवायचे पैसे कुठल्या महिन्यात, कुठून येणार हे लिहून ठेवता आलं तरच. आपल्या घरांमध्ये बाईच्या स्वतःच्या नावावर असलेली बहुधा तेवढीच एक गोष्ट असते. पीएफलाही हात लावू नका. शिक्षणासाठी काढता येतो हे खरं, पण मिस्टर पन्नाशीकडे आले आहेत, तो पैसा परत भरून निघत नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षासाठी शैक्षणिक कर्जाचा विचार आत्ताच करा, पुढच्या जुलैत नको. ते मधल्या वर्षांसाठीही मिळतं. ४ लाखांपर्यंत तारण किंवा तिऱ्हाईत जामीन लागत नाही. मुलगा कर्जदार आणि आई किंवा वडील सहकर्जदार. रक्कम कॉलेजला परस्पर जाते, फीच्या हप्त्यांप्रमाणे. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने परतफेड सुरू होते आणि तोपर्यंत व्याज सरळ आकारलं जातं. समजा दोन वर्षांसाठी मिळून एक लाखच घेतलं आणि दर १० टक्के धरला, तर सगळी रक्कम उचलल्यावर व्याज वर्षाला १०,०००, म्हणजे महिन्याला ८३३. ते दर महिन्याला भरत जा. शिकत असतानाच व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात सवलतही देतात, शाखेत विचारा. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलत आहे. पण कॉलेज त्यांच्या यादीत असावं लागतं आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ही सवलत नाही. तुमच्यासाठी शाहू महाराज शिष्यवृत्तीच कितीतरी पटीने फायद्याची आहे, तीच धरा.

मिस्टरांच्या जून आणि डिसेंबरच्या पगाराच्या चिठ्ठीत एलडब्ल्यूएफ नावाची किरकोळ कपात दिसते का, तेही बघा. ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची वर्गणी आहे. हे मंडळ कामगारांच्या मुलांना गुणांनुसार शिष्यवृत्ती आणि पाठ्यपुस्तकांसाठी मदत देतं. वर्षानुवर्षं वर्गणी कापून गेलेले कामगारही तिथे कधी फिरकत नाहीत, याची मला फार चुटपुट लागते.

आता पैसे पाठवायचे कसे. २२,०००चं वेगळं खातं करा, त्यात दर महिन्याला १,८००-१,९०० टाका आणि परीक्षेचा फॉर्म, प्रोजेक्ट, प्रवास, औषध एवढंच त्यातून द्या. मुलाने फॉर्मची तारीख महिनाभर आधी सांगायची, एवढी अट पुरे. भिशीत असाल तर नंबर जून-जुलैचा मागून घ्या. आपल्या बायका दिवाळीचा नंबर धरतात आणि फीच्या वेळी उसने शोधतात. तुम्ही लिहिलंय की मुलाच्या खोलीचा मालक ५ तारखेला भाडं मागतो आणि पगार ७ला होतो, म्हणून दर महिन्याची सुरुवातच भांडणाने होते. खोलीमालकाशी बोलून तारीख १० करून घ्या. वर्षभर न चुकता भाडं देणाऱ्या मुलाला कोणी नाही म्हणत नाही. हातखर्चासाठी यूपीआय सर्कल वापरता येईल. तुमच्या खात्यातून मुलगा ठरलेल्या मर्यादेत खर्च करतो आणि प्रत्येक खर्च तुम्हाला दिसतो. पण मला विचाराल तर वीस वर्षांच्या मुलाच्या वडापावचा मेसेज आईच्या फोनवर येऊ नये. ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला द्या आणि ती त्याची त्याला सांभाळू द्या.

नोकरी करायला लावावी का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. सत्र चालू असताना रात्रीची डिलिव्हरी वगैरे नको. एक विषय राहिला तर पुन्हा परीक्षेचा खर्च, आणि वर्ष गेलं तर तुमचे अडीच लाख. मे-जूनच्या सुट्टीत मात्र जरूर काहीतरी करू द्या. कळव्या-खारेगावात आठवी-नववीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या त्याला सहज मिळतील.

मुलीचा क्लास मोडू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण ओढाताण झाली की कात्री आधी तिथेच लागते. २०२४-२५पासून राज्यात कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तिची वेळ येईल तेव्हा तुमच्यावरचा भार आजच्यापेक्षा हलका असू शकतो. तिला फक्त त्या जागेपर्यंत पोचू द्या.

शेवटी एक घरातली गोष्ट. २०११मध्ये माझे मिस्टर काम करत होते ती कंपनी बंद पडली. मुलगा नाशिकला शिकत होता. त्याच्या अभ्यासावर परिणाम नको म्हणून आम्ही त्याला काहीच सांगितलं नाही. ते त्याला मामाकडून अर्धवट कळलं. त्याने आम्हाला विचारलं नाही. गुपचूप रात्रीची मेस बंद केली. दिवाळीत घरी आला तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. महिन्याला ७०० रुपये वाचवत होता तो. आणि मी त्याच काळात त्याच्या नावाने दर महिन्याला १,५००ची आरडी भरत होते. पैसे होते, ताई. त्याला फक्त माहीत नव्हतं. मुलांना अडचण सांगायची नाही असं आपण ठरवतो, पण अडचण त्यांना कळतेच. घरात काय शिल्लक आहे तेवढं कळत नाही.

तुमचा मुलगा गणपतीला घरी येईलच. एका दुपारी चौघं खाली बसा आणि वहीत सगळं मांडा: दोघांची कमाई, हप्ता, किराणा, त्याचे १०,०००, क्लास, उरलेले ४,५००, मोडलेली एफडी, पाटल्यांचा विचारसुद्धा. शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या ओळीपुढे त्याचं नाव लिहा, ते काम त्याचं. आणि बेरीज धाकटीला करू द्या.